जोडणे सोपे, उघडणे अवघड
(बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग)

आपल्या सीमाभागात झेरॉक्सच्या यंत्रावाचून कोणाचे पान हलत नाही, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. शेतीचा उतारा, जातीचा दाखला, रेशन कार्ड, गुणपत्रिका, कोर्टाचा निकाल, भाडेकरार, यांतले काहीही घ्या, त्याची प्रत जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्यातून आपल्याकडे मूळ कागद कन्नडमध्ये, त्याचे भाषांतर मराठीत आणि वरचा अर्ज इंग्रजीत असा प्रकार नेहमीचाच. तेव्हा इतरांना एक प्रत लागते तिथे आपल्याला तीन लागतात. साहजिकच बेळगावच्या कोर्टाजवळ काय किंवा निपाणीच्या बसस्टँडजवळ काय, हे यंत्र दिवसभर चालू असते.

या यंत्राच्या पोटातील एका लहानशा भागाविषयी मला लिहायचे आहे. हा भाग म्हणजे ब्रॅकेट. कागद वाचणारी पट्टी, दिवा, आरसा, मोटार अशा वस्तूंना यंत्राच्या सांगाड्यात पकडून ठेवणारा आधार. पूर्वी हा आधार दोन-चार स्क्रूंनी आवळलेला असे. आता पुष्कळ यंत्रांत तो स्क्रूशिवाय बसवतात. प्लास्टिकचीच एक लवचिक जीभ काढलेली असते, तिच्या टोकाला आकडा असतो. भाग जागेवर दाबला की जीभ क्षणभर वाकते, आकडा खाचेत शिरतो आणि ‘टक्’ असा आवाज होऊन काम संपते. दुरुस्ती करणारे लोक त्याला सरळ ‘लॉक’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

हा विषय इंजिनिअरिंगच्या मुलांचा, वाणिज्य शाखेच्या मुलीने त्यात कशाला पडावे, असे काही वाचक म्हणतील. पण माझ्या मते हा प्रश्न जितका यंत्रशास्त्राचा तितकाच जमाखर्चाचा आहे. लॉक कसा असावा हे इंजिनिअर ठरवतो. पण तो तसा का ठरवतो, हे त्याच्यापुढे ठेवलेल्या खर्चपत्रकावरून ठरते. आणि खर्चपत्रक वाचायला तर आपण शिकतोच आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्क्रूशिवाय जोडणे यात वाईट काही नाही, आणि नवीन तर मुळीच नाही. आजीच्या घरचे जाते आठवून पाहा. वरच्या पाळीत ठोकून बसवलेला लाकडी खुंटा ना स्क्रूने धरलेला असतो ना खिळ्याने. आणि ढिला झाला की काढून दुसरा ठोकता येतो. बैलगाडीचे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घातलेली खीळ, नांगराचे सांधे आवळणारी पाचर, सुताराने एका लाकडात कुसू व दुसऱ्यात खाच काढून जुळवलेली चौकट, या साऱ्या बिनस्क्रूच्याच जोडण्या. पण या सर्वांत एक गुण समान होता. ज्या हाताने त्या जोडल्या, त्याच हाताने त्या सुटत. पाचर उलट बाजूने ठोकली की निघते, खीळ उपसली की चाक मोकळे होते. गावच्या सुताराला ठाऊक होते की हीच गाडी पुढच्या वर्षी दुरुस्तीला आपल्याच दारी येणार आहे. म्हणून जोडताना तो सोडण्याचाही विचार करीत असे.

आता नव्या पद्धतीचे गुण पाहू. ते खरोखरीच मोठे आहेत आणि प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत.

१९८५ साली अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने ‘प्रोप्रिंटर’ नावाचा एक छपाईयंत्राचा नमुना बाजारात आणला. हे यंत्र मुद्दाम अशा रीतीने आखले होते की त्याचे भाग एकमेकांत नुसते दाबून बसावेत. स्क्रू आवळण्याचे काम उरू नये. स्क्रू उचलणे, नेमक्या भोकात धरणे आणि फिरवणे हे माणसाला सोपे वाटते, पण रोबोटला ते त्या काळी फार अवघड जाई. म्हणून रोबोटसाठी ही सोय केली. गंमत अशी झाली की यंत्र जोडायला इतके सोपे झाले की ते माणसेसुद्धा भराभर जोडू लागली. मग एवढे महाग रोबोट हवेतच कशाला, असा प्रश्न निघाला! तेव्हापासून हे यंत्र ‘जोडणीसाठी आखणी’ या शास्त्राचे नेहमीचे उदाहरण होऊन बसले आहे.

या बचतीचा हिशेब आपणही मांडू शकतो. समजा एका यंत्रात ६० स्क्रू आहेत आणि प्रत्येकाला मिळून ६ सेकंद लागतात. म्हणजे एका यंत्रामागे ३६० सेकंद, अर्थात ६ मिनिटे. दिवसाला १,००० यंत्रे बाहेर पडत असतील तर ६,००० मिनिटे, म्हणजे १०० तास. आठ तासांच्या पाळीच्या हिशेबाने साडेबारा माणसांची मजुरी केवळ स्क्रू आवळण्यात गेली. मजुरी तासाला १०० रुपये धरली तर यंत्रामागे १० रुपये, आणि स्क्रू ५० पैशांना एक धरला तर ३० रुपये. एकूण ४० रुपये. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी धरले आहेत, पण हिशेबाची रीत हीच. यंत्रामागे ४० रुपये वाचवणारी युक्ती कोणता व्यवस्थापक नाकारील?

शिवाय केवळ पैशाचीच गोष्ट नाही. प्लास्टिकमध्ये स्क्रू घालणे हे तसे कच्चेच काम. दोन-चार वेळा काढला-घातला की आटे जातात आणि मग तो नुसता गरगर फिरत राहतो. दुसरे, वाचणाऱ्या पट्टीची जागा फार काटेकोर असावी लागते. ६०० डी.पी.आय. म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, इंचाचे २५.४ मिलिमीटर धरले तर एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम ०.०४२ मिलिमीटर येतात. पट्टी तेवढीही हलली तर अक्षराची कड फाटते. आणि यंत्र तापते तेव्हा प्लास्टिक पोलादापेक्षा कितीतरी अधिक फुगते. नेहमी वापरले जाणारे ए.बी.एस. प्लास्टिक घेतले, तर ३०० मिलिमीटर लांबीचा तुकडा २० अंशांनी तापल्यावर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. तेवढाच पोलादाचा तुकडा त्याच्या सातव्या हिश्शाइतका. अशा वेळी दोन्ही टोके स्क्रूने घट्ट आवळली तर पट्टी कमानीसारखी वाकेल. उलट एक टोक पक्के धरून दुसऱ्याला लांबीच्या दिशेने सरकायला किंचित मोकळीक देणारा लॉक काढला, तर ती सरळ राहते. म्हणजे चांगला लॉक हा स्क्रूपेक्षा शहाणाही असू शकतो.

मग तक्रार कशाची? तक्रार लॉकच्या दुसऱ्या बाजूची आहे.

आकड्याला दोन उतार असतात. आत शिरताना कामाला येणारा एक आणि बाहेर पडताना कामाला येणारा दुसरा. पहिला उतार सौम्य ठेवला की भाग सहज बसतो. दुसरा उतारही थोडा तिरका ठेवला तर तोच भाग जरा जोर लावून ओढल्यावर सुटतो. पण दुसऱ्या बाजूला उतार न ठेवता सरळ काटकोनी भिंत ठेवली, तर भाग एकदा बसला तो बसला. जीभ बाहेरून दाबायला वाट असेल तरच तो निघेल. वाट नसेल तर जीभ मोडूनच निघेल. तेव्हा सुटणारा लॉक आणि न सुटणारा लॉक यांत फरक असतो तो काही अंशांच्या कोनाचा, किंवा बोट घालण्यापुरत्या एका खिडकीचा.

जीभ मोडते का, याचाही हिशेब आहे, आणि तो आपल्याला समजण्याइतका सोपा आहे. जिभेच्या मुळाशी प्लास्टिक शेकडा किती ताणले जाते हे काढण्यासाठी जाडी व वाकण्याचे अंतर यांचा गुणाकार करून त्याची दीडपट करायची आणि लांबीच्या वर्गाने भागायचे. समजा जीभ २ मिलिमीटर जाड आहे आणि सुटण्यासाठी तिला दीड मिलिमीटर वाकावे लागते. लांबी २० मिलिमीटर असेल तर ताण येतो सुमारे १.१ टक्के. तीच लांबी १० मिलिमीटर केली तर ताण होतो ४.५ टक्के, म्हणजे चौपट! लांब जीभ वाकते, आखूड जीभ मोडते. त्यातून जो लॉक वारंवार उघडायचा आहे त्याला, एकदाच बसवायच्या लॉकच्या मानाने सुमारे ६० टक्केच ताण द्यावा, असा प्लास्टिकच्या आखणीतला रूढ नियम आहे. जिभेच्या मुळाशी तीक्ष्ण कोपरा न ठेवता गोलाई द्यावी, हाही नियमच. म्हणजे टिकाऊ लॉक कसा करावा हे गुपित राहिलेले नाही. तो तसा केला जात नाही, याचे कारण ज्ञानाचा अभाव हे नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका झेरॉक्सच्या दुकानात घडलेली हकीकत सांगते. दुकानाचे किंवा यंत्राच्या कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. प्रतीवर उभी काळी रेघ येऊ लागली. ही रेघ बहुधा काचेच्या अरुंद पट्टीवर बसलेल्या धुळीमुळे येते. पुसली की जाते. पण या वेळी धूळ आतल्या बाजूला होती. मेकॅनिकने झाकण काढले, पट्टीचा ब्रॅकेट उचलताना त्याचा लॉक तुटला. मेकॅनिक चांगला अनुभवी होता. पण लॉक कुठे दाबायचा याची खूण नव्हती, दाबायला वाट नव्हती आणि काही वर्षांच्या उष्णतेने प्लास्टिक कडक झालेले. ब्रॅकेट सुटा मिळतो का, अशी चौकशी केली. उत्तर आले, मिळत नाही; तो संपूर्ण भागासोबतच येतो. नखाएवढ्या जिभेसाठी साऱ्या भागाची किंमत मोजायची! शेवटी तांब्याच्या तारेने ब्रॅकेट बांधला. यंत्र चालू झाले, पण प्रती किंचित तिरक्या येऊ लागल्या आणि कोर्टाच्या कामाची गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जाऊ लागली.

आता या दुकानाचा हिशेब मांडू. समजा रोज ५०० प्रती निघतात आणि प्रत्येकी २ रुपये मिळतात. यंत्र तीन दिवस बंद राहिले तर ३,००० रुपयांची विक्री बुडाली. विक्री म्हणजे नफा नव्हे, हे आपल्याला पहिल्या वर्षीच शिकवले जाते; कागद, टोनर, वीज वजा करा. तरीही दुकानाचे भाडे, बँकेचा हप्ता आणि कामावरच्या मुलाचा पगार हे खर्च यंत्र बंद आहे म्हणून थांबत नाहीत. वर मेकॅनिकची मजुरी व नव्या भागाची किंमत वेगळीच. एका बाजूला कारखान्याचे वाचलेले ४० रुपये, दुसऱ्या बाजूला दुकानदाराचे गेलेले काही हजार. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहिले असते तर कोणीही म्हणाले असते की हा सौदा तोट्याचा आहे. पण ते एकाच वहीत येतच नाहीत. खरा मुद्दा इथेच आहे.

थोडा इतिहास पाहिला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. चेस्टर कार्लसन हा गृहस्थ पेटंटच्या कामात होता. कागदांच्या प्रती मिळवण्याच्या कटकटीला कंटाळून त्याने कोरडी प्रत काढण्याची युक्ती शोधली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया भागातील एका खोलीत त्याला व त्याच्या सहायकाला पहिली प्रत मिळाली. पण तिचे कार्यालयात चालणारे यशस्वी यंत्र व्हायला १९५९ साल उजाडले. ‘झेरॉक्स ९१४’ हे ते यंत्र. जवळजवळ ३०० किलो वजनाचे हे धूड वरचेवर बिघडे, कागद अडकून तापे आणि कधी कधी पेटतही असे. इतके की सोबत आग विझवण्याचे उपकरण दिले जाई. तरीही ते अफाट चालले. का? कारण बहुतेक गिऱ्हाइकांनी ते विकत घेतलेच नव्हते. महिना ९५ डॉलर भाडे, त्यात पहिल्या २,००० प्रती, पुढच्या प्रतींना थोडे जादा पैसे, अशी ती योजना होती. यंत्र कंपनीचे, दुरुस्ती कंपनीची. यंत्र बंद राहिले की प्रतींचे पैसे कंपनीचेच बुडत.

वाचकहो, या व्यवस्थेत कंपनीला दुरुस्तीच्या सोयीचा विसर पडणे शक्य नव्हते, कारण प्रत्येक उघडझाकीचा खर्च तिच्याच खात्यावर पडत होता. पुढे यंत्रे लहान व स्वस्त झाली. १९८२ साली कॅनन कंपनीने लहान कार्यालयासाठी असे यंत्र काढले की त्याचा झिजणारा बहुतेक भाग एका डबीत बंद. डबी संपली की टाकून नवी घालायची. आपल्या देशातही १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही कंपनी स्थापन झाली आणि गावोगावी ‘झेरॉक्स’ हा शब्द प्रत या अर्थाने मराठीत व कन्नडमध्ये सारखाच रुळला. यंत्र एकदाचे विकले गेले की दुरुस्तीचा खर्च विकत घेणाऱ्याच्या खात्यात गेला. आणि जो खर्च आपल्या खात्यात पडत नाही, तो आखणी करणाऱ्याच्या डोळ्यांआड होतो. हा माणसाचा दुष्टपणा नव्हे. हिशेबाची कुंपणे जिथे घातली जातात तिथपर्यंतच माणसाची नजर जाते. परिव्यय लेखांकनात आपण वस्तूच्या संपूर्ण आयुष्याच्या खर्चाविषयी शिकतो. ती संकल्पना परीक्षेत पाच गुणांची टीप म्हणून लिहून टाकायची नसते. तिचा अर्थ हाच आहे की कारखान्याच्या फाटकाबाहेर होणारा खर्चही खर्चच असतो.

आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. स्क्रूला मराठीत मळसूत्र म्हणतात, कन्नडमध्ये तिरुपु. शब्द दोन, पण वस्तू एक आणि उघडण्याची रीत एक. हे आपोआप झालेले नाही. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांचे एकच माप सर्वांनी पाळावे अशी योजना मांडली. त्याआधी कारखान्याकारखान्याचे आटे वेगळे असत. आज तीन मिलिमीटरचा प्रमाणित स्क्रू बेळगावात घेतला काय किंवा जपानात घेतला काय, त्याचे आटे तेच. तेव्हा स्क्रू ही एक सार्वजनिक भाषा आहे. ती शिकलेला मेकॅनिक कोणत्याही कंपनीच्या यंत्राशी बोलू शकतो. लॉकचे तसे नाही. प्रत्येक कंपनीचा, किंबहुना प्रत्येक नमुन्याचा लॉक निराळा. कुठे डावीकडे दाबायचे, कुठे वर उचलायचे, कुठे सरकवायचे, हे बाहेरून कळत नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी वाचणाऱ्या आम्हा मुलांना हे पटकन समजते. अनोळखी भाषेचे आम्हाला भय नाही. पण ती शिकण्याची सोय तरी हवी. शिकण्याची सोयच नसेल तर जवळ ज्ञान असलेला माणूससुद्धा दारात ताटकळत राहतो.

याचा फटका कोणाला बसतो? दुकानदाराला बसतोच, पण त्याहूनही मेकॅनिकला अधिक. आपल्याकडे किती तरी मुलांनी आय.टी.आय. करून किंवा नुसते उस्तादाच्या हाताखाली राहून हे काम शिकून घेतले आहे. मोटारसायकलवर पेटी बांधून निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, हुक्केरी अशा गावी ते हिंडतात. त्यांची अक्कल त्यांच्या बोटांत असते. न सुटणाऱ्या लॉकमुळे या बोटांची किंमत कमी होते. दुरुस्त करणारा कारागीर नुसता भाग बदलणारा हमाल होऊन बसतो.

या मतावर आक्षेप घेतले जातील, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप, यंत्रात वीज आणि उष्णता आहे. कोणीही उघडू लागला तर अपघात होईल. हे खरे आहे. टोनर कागदावर भाजून बसवणारा भाग १८० अंशांच्या आसपास तापतो. तिथे जरूर कुलूप घाला, इशारा लिहा. पण कागद वाचणाऱ्या पट्टीच्या ब्रॅकेटला तेच कारण लावता येत नाही. दुसरा आक्षेप, सहज उघडणारा लॉक सहज ढिला पडेल आणि छपाई बिघडेल. यात थोडे तथ्य आहे. पण त्याचे उत्तर लांब जीभ, योग्य कोन आणि मुळाशी गोलाई हे आहे, कायमची बंदी हे नव्हे. तिसरा आक्षेप खर्चाचा. दाबण्यासाठी खिडकी ठेवायची तर साचा थोडा गुंतागुंतीचा होईल, त्याला पैसे पडतील. बरोबर आहे. पण साचा एकदाच करायचा असतो आणि त्यातून हजारो, लाखो नग निघतात. तो खर्च सर्व नगांवर वाटला तर एका नगाच्या वाट्याला काय येईल, हे सांगायला वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही पुरेसा आहे.

गंमत म्हणजे ‘जोडणीसाठी आखणी’चे शास्त्र मांडणाऱ्यांनीही ही गोष्ट सोडलेली नव्हती. जेफ्री बूथ्रॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट या दोघांनी एखादा भाग स्वतंत्र ठेवावा की दुसऱ्यात मिळवून टाकावा, हे ठरवण्यासाठी तीन प्रश्न सांगितले. तो भाग इतरांच्या सापेक्ष हलतो का? तो वेगळ्या द्रव्याचाच असला पाहिजे का? आणि तो वेगळा ठेवला नाही तर इतर भाग जोडणे किंवा सोडणे अशक्य होईल का? ‘किंवा सोडणे’ हे शब्द तिसऱ्या प्रश्नात आहेत. व्यवहारात मात्र जोडण्याचा अर्धा भाग घेतला गेला आणि सोडण्याचा अर्धा मागे राहिला.

मग हवे आहे तरी काय? माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, झिजणाऱ्या किंवा पुसाव्या लागणाऱ्या भागाचा लॉक सुटणाराच असावा. दोन, कुठे दाबायचे तिथे प्लास्टिकमध्येच बाणाची खूण उठवावी. बाणाला कन्नड, मराठी, इंग्रजी असा भेद नसतो. तीन, ब्रॅकेट हा सांगाड्याचा अविभाज्य तुकडा न करता सुटा ठेवावा आणि तो सुटा विकत मिळावा. चार, लॉकच्या शेजारीच एका स्क्रूपुरते भोक ठेवून द्यावे. जीभ शाबूत आहे तोवर त्या भोकाचे काम नाही. पण ती तुटलीच तर एक स्क्रू आवळून यंत्र पुन्हा चालू करता येईल. कारखान्यात स्क्रूचा खर्च नाही, आणि दुकानात तारेने बांधण्याची पाळी नाही. या चौथ्या मागणीला किती पैसे लागतील? साच्यात एक पोकळ खुंटी वाढवण्याइतके.

कायद्याचे वारेही याच दिशेने वाहत आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पण प्रारंभी त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे व वाहने या चार गटांचा विचार झाला. कार्यालयातील यंत्रांचा स्वतंत्र गट नव्हता. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये दुरुस्तीविषयक निर्देश मंजूर केला, तोही ठराविक वस्तूंपुरता. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि प्रती काढणारी यंत्रे यांचा समावेश आहे. म्हणजे यंत्र कचरा झाले की सरकारचे लक्ष तिकडे जाते. ते कचरा होऊ नये म्हणून मात्र अद्याप पुरेसे जात नाही. यातला विरोधाभास सांगायला नको.

परंतु सगळे सरकारवर सोपवून मोकळे होण्याची आपल्याला सवयच लागली आहे. आपल्या हातात काय आहे? यंत्रे विकत घेणारे आपणच आहोत. कॉलेजे, सहकारी पतसंस्था, बँका, नगरपालिका, वकिलांची कार्यालये या सर्वांच्या खरेदीत दरपत्रके मागवतात आणि सर्वांत कमी दर निवडतात. त्या दरपत्रकात एक रकाना वाढवता येईल: ‘ब्रॅकेट व लॉक सुटे मिळतात काय? किती किंमतीला? किती वर्षे?’ हा प्रश्न एका संस्थेने विचारला तर विक्रेता हसेल. शंभर संस्थांनी विचारला तर तो कंपनीला पत्र लिहील.

आणि आपले बेळगाव काही यंत्रविद्येला परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते याच गावात; कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांचा त्यांचा उद्योगही इथेच अंकुरला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला. नांगराचा फाळ झिजला की फाळ तेवढा बदलायचा, नांगर नव्हे, ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. आज उद्यमबागेतील फौंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने दूरदूरच्या गिऱ्हाइकांना माल पुरवतात. साचा कसा करावा आणि काटेकोर माप कसे सांभाळावे, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावात एखाद्या ब्रॅकेटचा सुटा भाग तयार होणे अशक्य नाही. कंपन्यांनी जुन्या नमुन्यांची मापे खुली केली तर तो एक छोटासा धंदाही होऊ शकेल. इंजिनिअरिंगच्या मित्रांनी आखणी करावी, आम्ही हिशेब मांडू.

वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. आपल्यापैकी कित्येक जण उद्या कुठल्या तरी कारखान्याच्या खर्च विभागात बसतील. एके दिवशी समोर कागद येईल: ‘स्क्रू काढून टाकल्याने नगामागे बचत ४० रुपये.’ आकडा बरोबर असेल, बेरीजही चुकलेली नसेल. सही करायला हरकत नाही. पण सही करण्यापूर्वी समासात एक प्रश्न लिहायला विसरू नका: ‘हे उघडणार कोण, आणि कशाने?’